लेकरांना घेऊन चारधाम करावं का? आधी गाडी कोणाच्या हातात आहे ते बघा

सेलूच्या एका ताईंनी प्रश्न पाठवलाय. येत्या मे महिन्यात त्यांच्या घरचे सगळे उत्तराखंडच्या चारधामला निघालेत: सासू-सासरे, दीर-जाऊ, ह्या दोघं, पाच वर्षांची मुलगी आणि चौदा महिन्यांचा मुलगा. परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून हरिद्वार आणि पुढे यात्रा कंपनीची २७ सीटची बस. सोबत आचारी, एकूण अठरा दिवस. नातू झाला तर त्याला केदारनाथच्या पायावर घालीन, असा सासऱ्यांचा नवस आहे. मुलगा अजून अंगावर पितो. नवऱ्याचं म्हणणं असं की बसचा एवढा त्रास होत असेल तर चारधाम राहू द्या, आपण चौघं विमानाने लेहला जाऊ, लेकरांना सोपं पडेल. ताई विचारतात, "न्यावं का ठेवावं? आणि ठेवायचं म्हटलं तर घरात सांगू कसं?"

ताई, आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. मुलाला यंदा केदारनाथला नेऊ नका. लेहला तर नकोच नको. मुलीला गंगोत्री आणि बद्रीनाथला नेता येईल, पण त्या बसने नाही.

परभणीत लहान मुलांचा दवाखाना चालवायला लागून मला तेवीस वर्षं झाली. दर साल अक्षय तृतीया जवळ आली की हा प्रश्न येतो, कधी बायका विचारतात, कधी आजोबा. सगळे एकच विचारतात, "लेकराला झेपंल का?" माझ्या मते प्रश्न तिथेच चुकतो. लेकराला झेपेल की नाही हे परभणीत बसून छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही. सांगता येतं ते एवढंच, की नाही झेपलं तर तुम्हाला किती तासांत खाली उतरता येईल आणि 'आता मागे फिरायचं' हा शब्द तुमच्या घरात कोणाचा चालेल. ही दोन उत्तरं पक्की असतील तर पुष्कळ ठिकाणी लेकरं नेता येतात. ती नसतील तर सोपं ठिकाणही अवघड होऊन बसतं.

उंचीचं गणित आधी समजून घ्या. परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे. ऋषिकेशही जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे, म्हणजे तिथपर्यंत लेकराच्या छातीला काही वेगळं जाणवत नाही. केदारनाथ आहे ३,५८३ मीटरवर, साडेअकरा हजार फुटांच्या वर. आणि तुमच्या यजमानांना सोपं वाटणारं लेह? तेही साधारण ३,५०० मीटरवर. दोन्ही ठिकाणची हवा सारखीच विरळ. आपल्याकडे एका श्वासात जेवढा ऑक्सिजन मिळतो, त्याच्या साधारण दोन तृतीयांश तिथे मिळतो. फरक एवढाच की लेहला दिल्लीहून विमान दीड तासाच्या आत नेऊन उतरवतं. अंगाला सवय व्हायला जी सवड लागते, ती विमान देत नाही. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचंही तेच. पाय दुखत नाहीत म्हणून तो मार्ग सोपा वाटतो, पण काही मिनिटांत दीड-दोन हजार मीटर वर गेल्याचं लेकराच्या फुफ्फुसाला कळतंच.

उंचीवर जाण्याचा जगभर मानलेला नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये. दिवसा थोडं वर जाऊन संध्याकाळी खाली आलात तर चालतं, झोप मात्र खाली हवी. आता यात्रेचं वेळापत्रक बघा. गौरीकुंड १,९८० मीटरवर. सकाळी तिथून निघायचं, सोळा किलोमीटर चढायचं आणि रात्री ३,५८३ मीटरवर झोपायचं. एका दिवसात सोळाशे मीटर. मोठ्यांपैकीही कित्येकांचं त्या रात्री डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. ते सांगू तरी शकतात. चौदा महिन्यांचं लेकरू सांगणार कसं? ते रडतं. आणि प्रवासात रडणाऱ्या लेकराला सगळे म्हणतात, भूक लागली असंल, दात येत असतील, दृष्ट लागली असंल.

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. उंचीच्या त्रासाची लहान लेकरातली लक्षणं म्हणजे किरकिर, दूध नको म्हणणं, ओकणं, झोप न लागणं, खेळणं सोडून देणं. प्रवासाने दमलेल्या लेकरातही नेमकं हेच दिसतं. दोन्हींत फरक करणं मलाही अवघड जातं. म्हणून डोंगरात नियम उलटा लावायचा: उंचीवर गेल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत लेकरू बिघडलं तर दुसरं कारण पक्कं सापडेपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरायचं आणि वर जाणं थांबवायचं.

पूर्णा तालुक्यातलं एक कुटुंब काही वर्षांपूर्वी लेहला गेलं होतं. मुलगा अडीच वर्षांचा. निघताना नाक वाहत होतं, थोडा खोकला होता. तिकिटं काढलेली, पैसे भरलेले, "साधी सर्दी हाय" म्हणून निघाले. तिसऱ्या रात्री साडेदहाला वडिलांचा फोन आला. "डॉक्टर, नुसतं किरकिर करायलंय. दूध पेईना गेलंय. सोबतचे म्हणायलेत सगळ्यांनाच असं होतं, उद्या सकाळी पॅंगॉंगला निघायचंय, काय देऊ?" मी म्हटलं, आधी व्हिडिओ कॉल लावा, खोलीतला मोठा दिवा लावा आणि त्याचा शर्ट वर करा. लेकरू आईच्या मांडीवर आडवं होतं, रडतही नव्हतं, नुसतं डोळे अर्धे उघडे ठेवून पडलं होतं. प्रत्येक श्वासाला शेवटच्या बरगडीखालची कातडी आत ओढली जात होती, जणू आतून कोणी चिमटा घेतोय. नाकपुड्या फुलत होत्या. मी मिनिटभर मोजलं, ५८ श्वास. वडिलांना म्हटलं, पॅंगॉंग विसरा, आत्ता गाडी करा आणि सरकारी दवाखान्यात जा, बाळाला ऑक्सिजन लागणार आहे. रात्रभर ऑक्सिजन लावला, सकाळच्या पहिल्या विमानाने दिल्लीला उतरवलं. दोन दिवसांत लेकरू खेळायला लागलं. आज ते शाळेत जातंय.

त्याच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, आतला दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी पाझरून हवेच्या पिशव्यांत उतरतं. सर्दी-खोकल्याने छाती आधीच सुजलेली असली की लहान लेकरांत हे लवकर होतं. म्हणून 'साधी सर्दी' ही परभणीत साधी, लेहमध्ये नाही. त्या रात्री ते लेकरू जर पॅंगॉंगला असतं, चौदा हजार फुटांवर, मध्ये सतरा हजार फुटांच्या वरची खिंड, मोबाईलला रेंज नाही, तर मी हे इतक्या निवांतपणे लिहू शकलो नसतो. यातली कुठलीच गोष्ट आईवडिलांच्या निष्काळजीपणाची नव्हती. बारा माणसांचा ग्रुप होता, सकाळी सातची वेळ ठरलेली होती आणि एका लेकरासाठी गाडी थांबवा म्हणायला त्यांना संकोच वाटला.

म्हणून मी गाडीचं विचारतो. तुमच्या त्या २७ सीटच्या बसमध्ये बाकीचे वीस लोक अनोळखी असणार. त्यांनीही वर्षानुवर्षं पैसे साठवून यात्रा ठरवलेली असते. पहाटे चारला उठून आचाऱ्याने चहा-पोहे केलेले असतात, पुढच्या मुक्कामाच्या खोल्या धरलेल्या असतात. तुमचं लेकरू रात्रभर ओकलं म्हणून ती बस फिरणार नाही, आणि फिरावी असं म्हणण्याचा तुमचा अधिकारही नाही. मग होतं काय, तर "बघू पुढच्या मुक्कामाला" म्हणत तुम्ही चढत राहता. लहान लेकरू सोबत असेल तर गाडी लहान आणि तुमच्या शब्दावर चालणारी हवी. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं की कोणत्याही क्षणी मागे फिरावं लागेल. यासाठी पैसे जास्त जातील. नसतील तर एक धाम कमी करा, पण गाडी आपली ठेवा.

मी स्वतः २०१२ च्या मे महिन्यात आई, भाऊ-वहिनी, बायको आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बद्रीनाथला गेलो होतो. आम्ही मुद्दाम दोन गाड्या केल्या होत्या. जोशीमठच्या मुक्कामी मुलीला ताप भरला, १०२. बद्रीनाथ तिथून ४५ किलोमीटर. आई म्हणाली, "इतक्या जवळ येऊन लेकराला दर्शन नाही?" भाऊ आईला घेऊन वर गेला, मी आणि बायको मुलीपाशी थांबलो. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मला तेव्हा वाईट वाटलं आणि आजही ती आठवण आली की वाटतं. तरी पुन्हा वेळ आली तर मी तेच करीन. दुसरी गाडी नसती तर मात्र तो निर्णय घेणं मला जड गेलं असतं, हेही खरं.

आता केदारनाथच का नको, ते सांगतो. उंचीच्या त्रासावर खरा इलाज एकच, खाली उतरणं. ऑक्सिजन आणि औषधं उतरेपर्यंतचा वेळ काढून देतात, बस. केदारनाथला यात्राकाळात डॉक्टर असतात, ऑक्सिजन असतो. पण रात्री दोनला लेकराचा श्वास चढला तर खाली येणार कसं? हेलिकॉप्टर रात्री उडत नाही, ढग असले तर दिवसाही नाही. उरतो तो सोळा किलोमीटरचा पायरस्ता, अंधार आणि बहुतेक वेळा पाऊस. २०१३ च्या जूनमध्ये त्या दरीत काय झालं ते आपल्या भागातल्या पुष्कळ घरांना वेगळं सांगायला नको. बद्रीनाथ ३,१०० मीटरवर आहे, दारापर्यंत गाडी जाते. जोशीमठला किंवा त्याच्याही खाली पिपळकोटीला झोपायचं, पहाटे निघायचं, दर्शन करायचं, वर दोन-तीन तासच थांबून परत. गंगोत्रीचंही तसंच, उत्तरकाशीला मुक्काम ठेवला की दिवसात जाऊन येता येतं. रात्री डोंगरातली वाहतूक थांबवतात, म्हणून उन्हं कलायच्या आत मुक्कामी पोचायचं. यमुनोत्रीला जानकीचट्टीपासून पाच-सहा किलोमीटर खडी चढण आहे, घोड्यांची आणि पालख्यांची गर्दी. लहान लेकरं असताना तो धाम सोडावा.

कोणीतरी म्हणेल, लेकराला कुठं चालायचंय, कंडीत बसवू. पाठीवरच्या त्या वेताच्या टोपलीत बसून हजारो माणसं वर जातात, लेकरंही जातात. पण एक गोष्ट आईच्या लक्षात येत नाही. आई चालत असते, तिला घाम आलेला असतो, ती स्वेटर काढून कमरेला बांधते. टोपलीतलं लेकरू सहा-सात तास हलत नाही. वरून झिमझिम पाऊस, समोरून वारा. त्याचं अंग आतून गार होत जातं आणि ते झोपलंय असं वाटत राहतं. गरम कपडे आईच्या अंगाकडे बघून ठरवायचे नसतात. दर अर्ध्या तासाला थांबून मोजा-बूट काढून लेकराच्या पायाची बोटं आपल्या मुठीत धरून बघायची, मग मानेखाली पाठीला हात लावायचा. बोटं गार आणि पाठ गरम असेल तर मोजे वाढवा. पाठच गार लागली तर तिथेच आडोशाला बसून ओले कपडे काढायचे आणि लेकराला आपल्या उघड्या छातीशी धरून वरून शाल गुंडाळायची. मे महिन्यात परभणीत ४३ अंशात उघडं फिरणारं लेकरू चार दिवसांत शून्याच्या आसपास जातं, हे विसरू नका.

आता मोजायला शिका. हे मी प्रत्येक आईला शिकवतो, डोंगरात जा अथवा न जा. लेकरू गाढ झोपलं की झबलं वर करायचं, मोबाईलवर एक मिनिटाची घंटा लावायची आणि पोट वर आलं की एक, असं पूर्ण मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण उंचीवर झोपेत श्वास मध्येच काही सेकंद थांबून पुन्हा चालू होतो आणि हिशेब चुकतो. निघायच्या आधी घरी तीन रात्री मोजा आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. तुमच्या मुलाचा पंचवीस-तीसच्या आसपास येईल. एक ते पाच वर्षांच्या लेकराचा श्वास ४० किंवा त्याच्या वर गेला तर तो जलद समजतात. उंचीवर थोडा वाढणं चालतं. पण शांत झोपेत ४० च्या पुढे, सोबत बरगड्यांखाली खड्डा, किंवा ओठ निळसर, किंवा लेकरू उठवूनही नीट उठत नाही, यातलं एकही दिसलं तर कोणालाही विचारत बसू नका, उतरायला लागा. मोठ्या मुलीला वेगळी परीक्षा घ्या: फरशीच्या सरळ रेषेवर चालायला सांगा. काल चालत होती आणि आज तोल जातोय, तर मेंदूवर सूज येत असण्याची शक्यता आहे, आणि ती सगळ्यात वाईट.

बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र हल्ली सगळे नेतात. त्याने फार काही साधत नाही. लेहला पोचल्यावर धडधाकट माणसाचाही आकडा ९० च्या खाली दिसतो, त्याने घाबरगुंडी उडते. आणि मोठ्यांचा चिमटा लेकराच्या बोटावर नीट बसत नाही, त्याने भलताच आकडा येतो. श्वास मोजा, त्यावर माझा जास्त भरवसा आहे.

कापराच्या पुडीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. यात्रेकरूंमध्ये कापूर हुंगायची पद्धत आहे, दम लागला की पुडी नाकाशी धरतात. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. मोठ्यांनी हुंगला तर हुंगू देत. पण तीच पुडी रुमालात बांधून लेकराच्या गळ्यात अडकवतात. चौदा महिन्यांचं लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालतं. कापूर पोटात गेला तर अर्ध्या तासात झटके येऊ शकतात, अगदी थोड्या कापरानेही. मी दवाखान्यात असं लेकरू पाहिलंय, तेही घरातल्या देव्हाऱ्यातल्या कापराने. गळ्यात काहीही बांधू नका.

दुसरं, बसमध्ये लेकरू झोपावं म्हणून सर्दीचं औषध पाजणं. कोणी पाजा म्हणालं तरी पाजू नका. त्या गुंगीत श्वास मंदावतो आणि लेकरू मलूल झालंय का औषधाने पेंगतंय हे कळायचा मार्गच बंद होतो. सर्दीच्या नेहमीच्या एका मिश्र औषधावर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये असा इशारा छापायचा आदेश आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये दिलाय. उंचीच्या त्रासाची गोळी असते, ती मुलांनाही वजनाप्रमाणे देतात, पण प्रत्येकाला नाही आणि स्वतःच्या मनाने तर कधीच नाही.

मुक्कामाच्या खोलीत थंडी म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दारं-खिडक्या लावायच्या नाहीत. त्या धुरातला वायू वास न येता माणूस मारतो.

बाकी जुलाब, उलट्या, हे तर यात्रेत होणारच. जलसंजीवनीची पाकिटं डझनभर ठेवा. संपली तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा नेहमीचा चहाचा. वळणांच्या रस्त्यावर लेकरं ओकतात, निघण्यापूर्वी पोटभर खाऊ घालू नका. दरड कोसळून रस्ता पाच-सहा तास बंद राहणं तिथे नेहमीचं आहे, तेव्हा धपाटे, दशम्या, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू गाडीत हवेतच. शेंगदाणे मुलीला, मुलाला नकोत, ते घशात अडकतात.

काही लेकरांबाबत मात्र मी चर्चाच करत नाही. हृदयाला छिद्र असलेलं, शस्त्रक्रिया झालेली असली तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आपल्याकडे शाळा-अंगणवाडीच्या आरोग्य तपासणीत कित्येकांची छिद्रं सापडून ऑपरेशनं झालीत, त्या फायली घरात पडून असतात, त्या काढा. जन्मल्यावर बरेच दिवस पेटीत ठेवलेलं, ऑक्सिजनवर राहिलेलं कमी दिवसांचं लेकरू. डाऊन सिंड्रोमचं लेकरू. वारंवार धाप लागणारं. आणि सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. किनवटच्या भागात आणि लागून असलेल्या विदर्भात हा आजार आहे. नुसता वाहक असलेला माणूसही, ज्याला घरी काहीच त्रास नसतो, त्याची प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बरगड्यांखाली असणारा अवयव, उंचीवर एकाएकी दुखावू शकते. त्या भागातलं मूळ असेल तर आधी रक्ताची साधी तपासणी करून घ्या.

लेकरू किती मोठं झालं की न्यावं, हे लोक विचारतातच. अमरनाथच्या देवस्थान मंडळाने आपली रेघ आखून टाकलीय: १३ वर्षांखालील मुलांना यात्रेची परवानगीच नाही. ती गुंफा ३,८८८ मीटरवर आहे. केदारनाथला असा नियम नाही, म्हणून जबाबदारी आपल्यावर येते. माझी रेघ अशी: लेकराला "आई, माझं डोकं दुखायलंय, उलटी येतीय" असं नेमकं सांगता आलं पाहिजे आणि आपण विचारलं म्हणून नव्हे, स्वतःहून सांगता आलं पाहिजे. साधारण सहा-सात वर्षांनी ते येतं. काहींना लवकर, काहींना उशिरा. केदारनाथसाठी मी आठ म्हणतो, आणि तेही मध्ये लिनचोलीच्या आसपास कुठेतरी एक मुक्काम करून.

लेहलाही एक दिवस जा, यजमानांचा हिरमोड करू नका. मुलं सात-आठ आणि चार-पाच झाली की श्रीनगरकडून रस्त्याने जा, कारगिलला २,७०० मीटरच्या आसपास एक-दोन रात्री काढा, मग लेह. मनालीकडून चढू नका, त्या रस्त्यावर सरचूला बेचाळीसशे मीटरच्या वर झोपावं लागतं. लेहमध्ये पहिले दोन दिवस खोलीतून बाजारापर्यंत, त्यापुढे नाही.

आता तुमचं. दूध पिणाऱ्या मुलाला अठरा दिवस माहेरी ठेवून तुम्ही जाणं मला पटत नाही, त्याचं दूध तुटेल आणि तुमचेही हाल होतील. मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं: सासू-सासरे आणि दीर-जाऊ मे महिन्यात ठरल्याप्रमाणे यात्रा कंपनीबरोबर जातील. तुम्ही चौघं दिवाळीच्या सुट्टीत जाल. पाऊस संपलेला असतो, गर्दी ओसरलेली असते. केदारनाथचं दार भाऊबीजेला बंद होतं, बद्रीनाथ त्यानंतर काही दिवस उघडं असतं. हरिद्वारहून लहान गाडी करा. रुद्रप्रयागला एक, पिपळकोटीला दोन रात्री, मधल्या दिवशी बद्रीनाथ. तोवर मुलगा दीड वर्षाचा झालेला असेल, सर्दी-ताप नसेल तर दोन-तीन तासांपुरता तोही येऊ शकतो. थंडी कडक असेल, त्याची तयारी ठेवा. सकाळी त्याचं नाक वाहतंय असं दिसलं तर तुम्हा दोघांपैकी एकाने त्याच्यापाशी खाली थांबायचं. कोणी थांबायचं हे परभणीतच ठरवून निघा.

आणि घरात सांगायचं कसं? माझं नाव पुढे करा. "डॉक्टर नाही म्हणाले" एवढंच बोला, वाद माझ्याशी घालू द्या. खरंच घालायचा असेल तर सासऱ्यांना माझ्याकडे घेऊन या, मी त्यांच्याशी बोलतो. नवस हा थट्टेचा विषय नाही, लेकराची वाट पाहिलेल्या घरात तर नाहीच. पण पुष्कळ घरांत मी पाहिलंय, आजोबा नातवाचं एक झबलं पिशवीत घडी घालून नेतात, देवाच्या पायरीला लावतात आणि परत आणून नातवाच्या अंगात घालतात. औंढ्याचा नागनाथ तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर आहे, परळीचा वैजनाथही फार लांब नाही, वेरूळचा घृष्णेश्वर अर्ध्या दिवसाचा. यात्रेला निघण्यापूर्वी सासऱ्यांच्या हातूनच नातवाला औंढ्याला नेऊन पायावर घाला आणि केदारनाथला झबलं पाठवा. मुलगा आठ वर्षांचा झाला की आजोबांनीच त्याचं बोट धरून वर न्यावं, हे त्यांना माझ्या तोंडून सांगायला मला आवडेल.

दिवाळीचं पक्कं झालं तर सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांना घेऊन या. फ्लूची लस दोघांनी आधी घेतलेली नसेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून इतक्या लवकर. टायफॉइडची लस झालीय का तेही कार्डावर बघू. येताना लसीकरणाची कार्डं, मुलाच्या जन्माच्या वेळची फाईल आणि तीन रात्री मोजलेल्या श्वासांचा कागद आणा.